फळ कोणाचे?

काशीस पंचगंगा घाटाजवळ मंगलागौरीचे देऊळ आहे. तेथे पूजा चालू असली की आम्हांस व्याकरण आठवते. एक पूजा सांगणारे गुरुजी, दुसरी पूजा करणारी यजमानीण. क्रिया एकच, परंतु तिचे फळ कोणाचे?

हा प्रश्न संस्कृत भाषेने क्रियापदाच्या प्रत्ययातच बसविला आहे. यज्ञाचे फळ यजमानाचे, म्हणून तो ‘यजते’. त्याच्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’. पहिले आत्मनेपद, दुसरे परस्मैपद. कोणी म्हणेल, दक्षिणा तर ऋत्विजासही मिळते! ‘काशिका’ वृत्तीने ही शंका ओळखून उत्तर दिले आहे: दक्षिणा मिळते खरी, पण यज्ञ आरंभिला जातो तो तिच्यासाठी नव्हे.

पुढे सतराव्या शतकात काशीतच भट्टोजी दीक्षितांनी पाणिनीची सूत्रे विषयवार लावून ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली व तीत आत्मनेपदास स्वतंत्र प्रकरण दिले. तीवर ‘शब्देन्दुशेखर’ लिहिणारे नागेशभट्ट काळे हे आपल्या मराठी मंडळींपैकीच.

हाच प्रश्न दूरच्या स्पॅनिश भाषेतही भेटतो. तिचे पहिले छापील व्याकरण अंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ साली प्रसिद्ध केले. तिच्यापाशी आत्मनेपदाचे प्रत्यय नाहीत. ते काम ‘से’ हे चिमुकले सर्वनाम करते. प्रथमपुरुषी त्याचे ‘मे’ होते, द्वितीयपुरुषी ‘ते’. या ‘से’चे आणि आपल्या ‘स्व’चे मूळ एकच, असे तुलनात्मक भाषाशास्त्र सांगते. ‘लावार’ म्हणजे धुणे, ‘लावार्से’ म्हणजे स्वतःचे अंग धुणे. येथवर सोपे आहे. पण प्रत्येक ‘से’पुढे ‘स्वतःला’ हा शब्द घालणारा विद्यार्थी लवकरच फसतो. ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे, तर ‘दोर्मिर्से’ म्हणजे झोप लागणे. ‘रोम्पेर’ म्हणजे एखादी वस्तू मोडणे, तर ‘रोम्पेर्से’ म्हणजे ती आपोआप मोडणे. येथे कर्ता स्वतःवर काही करीत नाही. क्रिया त्याच्या ठायी घडते. संस्कृतातही भात आपोआप शिजतो तेव्हा ‘पच्यते’ असे आत्मनेपदच येते.

मराठीने ते प्रत्यय टाकले, प्रश्न मात्र टाकला नाही. आपण दुसऱ्यास ‘लिहून देतो’, स्वतःसाठी ‘लिहून घेतो’. आपल्या शेजारची हिंदीही ‘कर देना’ आणि ‘कर लेना’ यांत हाच भेद राखते. म्हणून स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने ‘से’ दिसताच ‘स्वतः’ शोधू नये. क्रिया कोठे जाऊन विसावते, हे पाहावे. ते पाहण्याची सवय त्याच्या भाषेने त्यास आधीच लावली आहे.