अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (संक्षेप: ए. ए.) ही मद्यपानाच्या व्यसनातून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या स्त्री-पुरुषांची, परस्परसाहाय्यावर चालणारी जागतिक संघटना आहे. तिची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात झाली. सदस्यत्वाला शुल्क नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे.

स्थापना

न्यूयॉर्क येथील शेअर व्यवसायातील बिल विल्सन यांनी डिसेंबर १९३४मध्ये दारू सोडली. मे १९३५मध्ये ते कामानिमित्त ॲक्रनला आले असता व्यवहार फसला आणि हॉटेलात एकटे असताना पिण्याची ओढ अनावर होऊ लागली. त्यापूर्वीच्या काही महिन्यांत त्यांनी अनेक मद्यपींना सुधारण्याची खटपट केली होती. त्यांतील कोणी सुधारले नाही. मात्र त्या खटपटीमुळे ते स्वतः दारूपासून दूर राहिले होते. म्हणून त्यांनी स्थानिक धर्मगुरूला दूरध्वनी करून, बोलण्यासाठी एखादा मद्यपी शोधून देण्याची विनंती केली. त्यातून शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट (बॉब) स्मिथ यांच्याशी त्यांची भेट झाली. पंधरा मिनिटांत निघण्याच्या इराद्याने आलेले स्मिथ कित्येक तास बोलत बसले. उपदेश त्यांना नवा नव्हता. तेच भोगलेल्या माणसाकडून ते ऐकणे नवे होते.

पुढे एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले असता स्मिथ पुन्हा प्यायले. परतल्यावर विल्सन यांनी त्यांना सावरले. त्यांनी अखेरचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. विल्सन यांनी एकट्याने दारू सोडल्याचा दिवस स्थापनादिन ठरला नाही, हे लक्षणीय आहे.

कार्यपद्धती

सभांमध्ये सदस्य केवळ पहिले नाव सांगून आपले अनुभव कथन करतात. आयुष्यभराची शपथ न घेता आजचा दिवस दारूविना काढायचा, अशी रीत आहे. नवागताला जुना सदस्य 'स्पॉन्सर' म्हणून मार्गदर्शन करतो. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'बारा पायऱ्यां'चा कार्यक्रम मांडला आहे. त्यातील ईश्वराच्या उल्लेखांवर टीका होते. तथापि ईश्वराची कल्पना ज्याची त्याने ठरवावी, अशी मुभा आहे. संघटना बाहेरील देणग्या स्वीकारत नाही.

ए. ए. वैद्यकीय उपचार करीत नाही. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविल्यास झटके वा भ्रम उद्भवून जिवास धोका होऊ शकतो. त्यामुळे तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा लागतो.

परिणामकारकता

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. सुनियोजित पद्धतीने ए. ए.शी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्ती टिकविण्यात अन्य प्रस्थापित उपचारांहून सरस असल्याचे त्यात आढळले.

संबंधित कार्य

मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली 'अल-ॲनॉन' स्थापन झाली. परस्परसाहाय्याचे हेच तत्त्व महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही दिसते. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ साली ते सुरू केले. तेथे व्यसनमुक्त झालेले माजी रुग्ण कार्यकर्ते म्हणून काम करतात, तर रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे.