स्थलनाम आणि मालाचे नाव : जुन्नर-आंबेगाव परिसरातील तीन उदाहरणे

नाणेघाटाने कोकणातील बंदरांशी जोडलेले जुन्नर हे सातवाहनकाळापासून व्यापारी नगर होते. तेथील लेण्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची, कासारांची व बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी उल्लेखिलेली आहे. तीन लेखांत यवन दात्यांची नावे आहेत. दाता कोण, तो कोठला वा कोणत्या व्यवसायाचा, आणि त्याने काय दिले, एवढा मजकूर या लेखांना बहुधा पुरतो. नाव कोरले की हक्क निश्चित झाला, अशी त्यामागची समजूत असावी. व्यापारचिन्हांच्या आधुनिक कायद्याचाही पाया याहून फारसा वेगळा नाही. मात्र दगडाच्या जागी आता नोंदवही आली आहे, आणि ती प्रत्येक देशाची निराळी आहे. या निराळेपणाचा परिणाम जुन्नर-आंबेगाव भागातील तीन मालांच्या नावांवर कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम भाषेचा नियम लक्षात घ्यावयास हवा. मराठीत स्थलनामास ‘ई’ प्रत्यय लागून विशेषण होते आणि पुढे विशेष्य गळून विशेषणच नाम बनते. पैठणी, कोल्हापुरी ही याची परिचित उदाहरणे होत. एकदा नाम बनले, की शब्द मूळ गावाशी बांधलेला राहत नाही. येवल्यात विणलेल्या वस्त्रासही लोक निःशंकपणे पैठणीच म्हणतात. मुंबईतील डोंगरीवरून नाव पडलेले जाडेभरडे कापड इंग्रजीत ‘डंगरी’ झाले, आणि आता त्या शब्दाने केवळ एका पोशाखाचा बोध होतो. भाषेच्या दृष्टीने ही शब्दाची वाढ आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र हाच शब्दाचा मृत्यू होय. कारण जे नाव सर्वांचे झाले, त्यावर कोणाचाच हक्क सांगता येत नाही.

पहिले उदाहरण जुन्नरी कागदाचे. कागदी समाजातील कारागीर तागाच्या जुन्या पोत्यांसारखा माल कुटून त्याचा लगदा करीत, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर त्याचे पत्रे काढीत, आणि खळ लावून ते घोटीत. मराठेशाहीच्या दप्तरांत दौलताबादीबरोबर जुन्नरी कागदाचाही वापर होता, आणि चोपड्या व हिशेबाच्या वह्या यांसाठीही देशी व्यापारी घोटीव कागदच पसंत करीत. ‘जुन्नरी’ एवढे म्हटले की प्रत समजे. पण या नावामागे कायद्याचे बळ नव्हते. मालावर खोटे उत्पत्तिस्थान लिहिणे दंडनीय करणारा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली झाला, आणि व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० साली. तोपर्यंत गिरणीच्या कागदाने हातकागदाची बाजारपेठ बहुतांशी व्यापून टाकली होती. नाव रक्षिले गेले असते तर धंदा तगला असता, असे मात्र म्हणता येणार नाही. कागद हरला तो स्वस्ताईपुढे; नावाच्या चोरीचा त्यात वाटा नव्हता. येथे नाव होते, पण त्याला पोसणारा बाजार उरला नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या परिसरातील डोंगरांवर, हिरडा विपुल आहे. तो गोळा करणे हे तेथील महादेव कोळी समाजाचे उपजीविकेचे एक प्रमुख साधन असून कोवळ्या फळांपासून होणाऱ्या बाळहिरड्यास पक्व फळापेक्षा अधिक भाव येतो. औषधाखेरीज कातडी कमावण्यासाठीही हिरडा लागत असल्याने ब्रिटिश अमदानीत तो मोठ्या प्रमाणावर विलायतेस जाई. तेथील बाजारात त्याच्या प्रती ज्या नावांनी ओळखल्या जात, त्यांत भीमुनिपट्टणम, जबलपूर व वेंगुर्ले ही नावे होती. यांपैकी पहिले व तिसरे नाव बंदराचे आहे. माल रानातला, परंतु नाव तो जेथून जहाजावर चढला त्या ठिकाणाचे! आंबेगाव-जुन्नरचे नाव त्या यादीत नाही. येथे बाजार होता व आहे. उणीव आहे ती नावाची. माल ज्या नावाने विकला जातो त्या नावाचा लौकिक वाढतो. झाडावर चढणाऱ्याच्या पदरी केवळ वजनाचा भाव पडतो.

हिरड्यासंबंधीच्या ज्ञानाचा प्रश्न मालाच्या नावाहून निराळा आहे; तो पेटंटच्या क्षेत्रात येतो. हळदीने जखम भरून येते या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्यास आव्हान दिले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा निकाल अमेरिकेपुरता होता. पेटंट ज्या देशाने दिले, ते त्या देशातच लढून काढावे लागते. म्हणूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभारण्यात आला, की जेणेकरून परदेशी परीक्षकांपुढे पुरावा आधीच असावा.

तिसरे उदाहरण नारायणगावच्या द्राक्षमद्याचे. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रसाहाय्याने तेथे फसफसणारे मद्य तयार केले. कंपनीचे नाव ‘शॅम्पेन इंडेज’ असे होते. परंतु ब्रिटनमध्ये हे मद्य ‘ओमर खय्याम’ या नावाने विकले गेले. शॅम्पेन हे फ्रान्समधील एका प्रांताचे नाव आहे, आणि तेथील उत्पादकांनी ते दीर्घकाळ जपले आहे. १८९१ च्या माद्रिद करारात कोणते स्थलनाम सामान्य झाले हे ठरविण्याची मुभा प्रत्येक देशाच्या न्यायालयास होती; द्राक्षोत्पन्न मालाची नावे मात्र त्या मुभेतून वगळलेली होती. १९६० साली इंग्लंडमधील न्यायालयाने ‘स्पॅनिश शॅम्पेन’ हा प्रयोग अमान्य केला. ‘शॅम्पेन पद्धतीने’ हा शब्दप्रयोगही इतर मद्यांस युरोपात १९९४ नंतर वापरता येईना. नारायणगावच्या कंपनीचे नाव पुढे ‘इंडेज व्हिंटनर्स’ झाले आणि २००८ नंतरच्या मंदीत ती आर्थिक संकटात सापडली. येथे माल स्थानिक आणि नाव मात्र परस्थ होते.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या करारात हाच भेद कायम झाला आहे. त्याच्या तेविसाव्या कलमाने मद्याच्या स्थलनामापुढे ‘सारखे’, ‘पद्धतीचे’, ‘प्रकारचे’ असे शब्द जोडण्यासही मनाई केली. कागद, हिरडा, तांदूळ यांना बाविसाव्या कलमाचे दुबळे रक्षण आहे. ग्राहकाची दिशाभूल झाली, हे तेथे दाखवावे लागते. उच्च रक्षण इतर मालासही मिळावे, ही भारतासह अनेक देशांची मागणी आजवर मान्य झालेली नाही. जे देश आपल्या गावांची नावे आधी लिहून ठेवू शकले, त्यांच्या मालाला अधिक बळ मिळाले, असेच म्हणावे लागते.

तथापि सर्व दोष परक्यांकडे नाही. स्वदेशी जे नाव रक्षिलेले नाही, ते परदेशाने रक्षावे असे बंधन नाही, हे याच कराराच्या चोविसाव्या कलमात स्पष्ट आहे. भारताचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो २००३ साली अमलात आला. त्याखालील नोंद दर १० वर्षांनी वाढविता येते, तर पेटंट २० वर्षांनी संपते. पण नोंद ही आरंभाची पायरी होय. कोल्हापुरी चपलेला भारतात मानांकन असूनही २०२५ साली मिलान येथे एका इटालियन कंपनीने मूळ नाव न घेता तशाच घडणीची पादत्राणे मांडली. मानांकन नावाचे असते, घडणीचे नसते. आणि त्याची सत्ता देशाच्या सीमेपाशी थांबते.

जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तरीही तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले आहे. स्थळ बुडाले तरी शासनाच्या दप्तरात लिहिलेले नाव टिकते, याचे हे प्रत्यंतर होय. त्या तालुक्यातील रानात पिकणाऱ्या मालाला हेच भाग्य लाभावयाचे, तर त्याचे नाव प्रथम येथल्या नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. आणि ते लिहिण्याचा पहिला हक्क, तो माल वेचणाऱ्या हातांचा मानला गेला पाहिजे.