रोज पहाटे शंभर मैल

व्यसनी माणसाने औषधासाठी रोज केंद्रात यायचं, ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि न्यूयॉर्कलाच सोयीची होती. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॅन्डर या डॉक्टरांनी १९६५ साली दाखवून दिलं, की हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांना मेथाडोन नियमित दिलं तर तलफ शमते, माणूस कामधंद्याला लागतो. (हेरॉइनचं कच्चं रूप म्हणजेच आपल्याकडचा गर्द.) पण मेथाडोनही अफूच्याच कुळातलं. म्हणून १९७२ च्या नियमांनी ते खास केंद्रांपुरतं बांधून टाकलं. बहुतेकांना डोस रोज कर्मचाऱ्यांच्या देखत घ्यावा लागे.

पुढे १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली आणि अ‍ॅपलेशियन डोंगरांतल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत पसरली. पाठीची, गुडघ्यांची दुखणी असलेली ही माणसं. व्यसनाचा धोका कमी सांगून गोळी खपवल्याचा गुन्हा उत्पादक समूहातल्या कंपनीने २००७ मध्ये कबूल केला. तोवर गावंच्या गावं अडकली होती. मेथाडोन केंद्र मात्र शहरात. रोज जाऊन-येऊन शंभर मैल मोटार हाकायची, तर खाणीतली पाळी कधी करायची?

वाट काढली ती २००० सालच्या कायद्याने. ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचं औषध साध्या दवाखान्यातूनही लिहून देता येईल, असं ठरलं. २००२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. अट अशी, की डॉक्टरने आठ तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, वेगळी परवानगी काढायची आणि एका वेळी ३० च रुग्ण घ्यायचे. ही मर्यादा पुढे १००, मग २७५ झाली. व्यसन लावणारी गोळी लिहायला मात्र यातलं काहीच लागत नव्हतं! खेड्यातल्या अनेक डॉक्टरांनी परवानगी काढलीच नाही. हाताशी समुपदेशक नाही, अडलं तर विचारायला कोणी नाही. या दुसऱ्या अडचणीवर न्यू मेक्सिकोत भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ पासून उपाय केला: शहरातल्या तज्ज्ञांनी दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावरून ठरावीक वेळी बोलायचं. सुरुवात यकृताच्या आजारापासून झाली, मग व्यसनोपचारही त्यात आले.

फ्रान्सने १९९५-९६ मध्येच ब्युप्रेनॉर्फिन सर्वसाधारण डॉक्टरांच्या हाती दिलं होतं. १९९९ पर्यंत तिथले अतिसेवनाचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने ती वेगळ्या परवानगीची अट काढली डिसेंबर २०२२ मध्ये. दरम्यान २०१५ साली इंडियानातल्या ऑस्टिन या चारेक हजार वस्तीच्या गावात आणि परिसरात, एकमेकांच्या सुया वापरल्याने १८० जणांना एचआयव्हीची लागण झाल्याचं आढळलं होतं.

मेथाडोनचे घरी न्यायचे डोस २०२४ च्या नियमांनी वाढवले. व्यसनावरचा उपचार म्हणून ते अजूनही औषधाच्या दुकानात मिळत नाही.