अश्व आश्रयस्थानांचे अर्थकारण

म्हाताऱ्या, जायबंदी, सोडून दिलेल्या किंवा छळातून सोडविलेल्या घोड्यांचा सांभाळ करणाऱ्या धर्मादाय संस्थेला अश्व आश्रयस्थान म्हणतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या अशा संस्थांना १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार हिशेब ठेवावे लागतात.

पूर्वपीठिका

मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबई पांजरापोळ स्थापन झाले. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लाग बसवून घेतली. त्यामुळे उत्पन्न एखाद्या दात्याच्या मर्जीवर न राहता व्यापाराशी बांधले गेले. आजच्या लहान संस्थांना असा नियमित आधार क्वचितच लाभतो.

खर्च

घोडा साधारणतः २५ ते ३० वर्षे जगतो. पंधराव्या वर्षी कामातून सुटलेल्या घोड्याला पुढे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पोसावे लागते. देणग्या मात्र सुटकेची बातमी ताजी असताना येतात. सुमारे ३०० किलो वजनाच्या तट्टाला रोज पाच-सहा किलो सुका चारा लागतो, म्हणजे वर्षाला जवळपास दोन टन. शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे भातशेतीचे तालुके आहेत. तेथे पेंढा मिळतो, परंतु त्यात पोषण कमी असल्याने घोड्याचे केवळ त्यावर भागत नाही. चांगले गवत, कोंडा आणि हरभरा विकत घ्यावा लागतो. कोकणातील पावसामुळे चार महिन्यांचे गवत उन्हाळ्यातच भरून छपराखाली ठेवणे भाग असते. वर्षातील मोठी रक्कम अशा रीतीने एकाच वेळी उभी करावी लागते. पावसाळ्यात ओलीने खूर सडतात, तो उपचाराचा खर्च वेगळाच.

उत्पन्न

गोशाळेला दूध, शेण यांचे थोडेफार उत्पन्न असते. राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेले दररोज ५० रुपयांचे अनुदानही गोशाळांतील देशी गायींपुरते आहे. घोड्यांच्या वाट्याला यांपैकी काही येत नाही.

जप्त जनावरांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार, खटला चालू असेपर्यंतच्या पालनखर्चासाठी न्यायदंडाधिकारी आरोपी व मालक यांच्याकडून बंधपत्र घेऊ शकतात. मालकाने निमूटपणे सोडून दिलेल्या घोड्याला ही तरतूद लागू पडत नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा समावेश असल्याने कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी घेता येतो. त्यासाठी २०२१ पासून संस्थेची स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे. परदेशी देणगी मिळालेल्या मोठ्या संस्थेने त्यातील वाटा लहान संस्थेला देण्याची वाट २०२० च्या कायदादुरुस्तीने बंद झाली.