मोटारभाडे व्यवसायातील वयोमर्यादा

स्वतः चालविण्यासाठी मोटारगाडी भाड्याने घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीवर भाडेसंस्थेने घातलेली किमान वयाची अट आणि तीस जोडून तरुण चालकांकडून दररोज घेण्यात येणारा अधिभार. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी शासनाने ठरविलेले वय व ही वयोमर्यादा या भिन्न गोष्टी होत. पहिली मर्यादा कायद्याने ठरते. दुसरी मुख्यतः विमा व नुकसानभरपाई यांच्या हिशेबातून उद्‌भवली. शासनाने परवाना देऊन ज्याला वाहन चालविण्यास पात्र ठरविले, त्याला केवळ वयावरून गाडी नाकारता येते काय, आणि नाकारता येत नसल्यास त्याच्याकडून अधिक पैसे घेता येतात काय, हा या विषयातील मूळ वाद आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लढला गेला.

व्यवसायाचा उदय : नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा येथे १९१६ च्या सुमारास जो साँडर्स यांनी फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ गाडी मैलामागे १० सेंट या दराने भाड्याने देण्यास प्रारंभ केला. शिकागो येथे वॉल्टर जेकब्झ यांनी १९१८ मध्ये त्याच बनावटीच्या १२ गाड्यांनिशी असाच व्यवसाय सुरू केला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्‌झ यांनी विकत घेतला. आरंभीच्या काळात गिऱ्हाईक बहुधा त्याच गावचे असे आणि त्याची पत व वर्तन यांची माहिती मालकाला सहज मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही परिस्थिती पालटली. वॉरन एव्हिस यांनी १९४६ मध्ये डिट्रॉइटजवळील विलो रन विमानतळावर गाड्या भाड्याने देण्याची सोय केली आणि विमानतळ हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र बनत गेले. परगावाहून आलेल्या अनोळखी प्रवाशाच्या हाती काही मिनिटांत मौल्यवान वाहन सोपवावयाचे, तर त्याची पारख कागदावर दिसणाऱ्या मोजक्या खुणांवरूनच करावी लागे. परवान्यावरील जन्मतारीख ही त्यांतील सर्वांत सुलभ खूण ठरली.

एकवीस व पंचवीस : वयाच्या दोन मर्यादा या व्यवसायात रूढ झाल्या व त्यांची मुळे निरनिराळी आहेत. एकविसाव्या वर्षाची मर्यादा करारविषयक कायद्यातून आली. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या विधिपरंपरेनुसार एकवीस वर्षांखालील व्यक्ती अज्ञान मानली जाई आणि तिने केलेला करार तिला पुढे मोडता येत असे. गाडीचे नुकसान झाल्यास अशा व्यक्तीकडून करारान्वये भरपाई वसूल होण्याची शाश्वती नव्हती. संविधानाच्या २६ व्या दुरुस्तीने १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले आणि त्या दशकात बहुतेक राज्यांनी सज्ञानतेचे वयही १८ वर आणले. त्यामुळे एकविसाव्या वर्षाच्या मर्यादेचा कायदेशीर आधार बराचसा नाहीसा झाला. तथापि व्यवहारात ती मर्यादा टिकून राहिली.

पंचविसाव्या वर्षाची मर्यादा विमाव्यवसायाची देणगी होय. विसाव्या शतकाच्या मध्यापासून विमाकंपन्यांच्या वर्गवारीत पंचवीस वर्षांखालील चालक, विशेषतः अविवाहित पुरुष, हा वेगळा व अधिक हप्त्याचा वर्ग धरण्यात येऊ लागला. भाडेसंस्थांनी तीच रेषा उचलली. मानवी मेंदूचा नियंत्रक भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, हे कारण या मर्यादेच्या समर्थनार्थ हल्ली अनेकदा दिले जाते. परंतु मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांवर आधारलेले ते संशोधन १९९० नंतरच्या काळातील आहे. मर्यादा आधी रूढ झाली आणि शास्त्रीय स्पष्टीकरण तिला नंतर लाभले.

मालकाचे दायित्व : भाडेसंस्थांच्या सावधगिरीस आणखी एक सबळ कारण होते. काही राज्यांत वाहन चालविणाऱ्याच्या चुकीबद्दल, मालकाचा स्वतःचा दोष नसतानाही, मालकास जबाबदार धरण्यात येई. फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये मोटारगाडी हे धोकादायक साधन ठरवून ते दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकावर दायित्व लादले. न्यूयॉर्क राज्याने १९२४ मध्ये कायद्याने तशीच तरतूद केली. भाड्याने दिलेल्या गाडीच्या अपघातात कोणी जायबंदी झाल्यास भरपाईचा दावा श्रीमंत भाडेसंस्थेवर येई. फ्लॉरिडाने १९९९ मध्ये अल्पमुदतीच्या भाड्यापुरती या दायित्वाला रकमेची मर्यादा घातली. पुढे १० ऑगस्ट २००५ रोजी संमत झालेल्या संघीय वाहतूक कायद्यातील ‘ग्रेव्ह्‌ज दुरुस्ती’ने, भाडेसंस्थेची स्वतःची हयगय नसल्यास, केवळ मालकीमुळे येणारे हे दायित्व देशभर रद्द केले. अधिभाराच्या समर्थनार्थ पुढे केले जाणारे एक प्रमुख कारण अशा रीतीने दूर झाले. अधिभार मात्र दूर झाला नाही.

न्यायालयीन वाद : न्यूयॉर्क राज्याच्या सर्वसाधारण व्यवसाय कायद्याने या प्रश्नावर एक मध्यममार्ग काढला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस, त्या वयोगटासाठी विमा उपलब्ध असल्यास, केवळ वयावरून गाडी नाकारता येत नाही. मात्र वयामुळे विम्याचा जो प्रत्यक्ष जादा खर्च येईल, तो तिच्याकडून घेता येतो. तरीही मोठ्या कंपन्या तरुणांना नकार देतच राहिल्या. राज्याच्या महान्यायवाद्याने त्यांच्याविरुद्ध कारवाई केली आणि १९९७ मध्ये न्यूयॉर्क परगण्यातील न्यायालयाने कंपन्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. मिशिगनमध्येही अठरा वर्षांवरील चालकास केवळ वयामुळे नाकारता येत नाही. याउलट कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये हर्ट्‌झ कंपनीविरुद्धच्या दाव्यात अपील न्यायालयाने वयावर आधारलेला भेद हा त्या राज्याच्या नागरी हक्क कायद्याचा भंग ठरत नाही, असे मत दिले.

याच सुमारास न्यूयॉर्क शहरात एक समांतर वाद उद्‌भवला होता. ब्रॉंक्स, ब्रुकलिन इ. विभागांतील रहिवाशांच्या अपघातांचा खर्च अधिक येतो, या कारणास्तव हर्ट्‌झने १९९२ मध्ये त्यांच्यावर निवासस्थानानुसार अधिभार लावला. शहराने कायदा करून त्यास मनाई केली व प्रकरण संघीय न्यायालयांपर्यंत गेले. दोन्ही वादांतील युक्तिवाद सारखाच आहे : गटाच्या सरासरीचा भार त्या गटातील निर्दोष व्यक्तीने सोसावा काय? वयाच्या बाबतीत समाज हा भार अधिक सहजपणे मान्य करतो. तारुण्य प्रत्येकाच्या वाट्याला येते व सरते. निवासस्थान किंवा वंश यांचे तसे नसते. मात्र आज ज्याला पैसे भरावे लागतात, त्याला उद्याच्या सवलतीचा उपयोग नसतो, हा प्रतिपक्षाचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही.

वय व अनुभव : तरुण चालकांचे अपघात अधिक होतात, याविषयी दुमत नाही. अमेरिकेत १६ ते १९ वयोगटातील चालकांचा मैलामागे प्राणघातक अपघातांचा दर वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट असल्याचे आढळते. प्रश्न आहे तो याचे कारण वय की अननुभव, हा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली व फ्लॉरिडाने १९९६ मध्ये ती स्वीकारली. रात्रीचे वाहन चालविणे, सोबतचे प्रवासी इ. बाबींवर प्रारंभी निर्बंध ठेवून अनुभवाबरोबर ते सैल करणे, हे तिचे सूत्र आहे. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये जनमताने संमत झालेल्या १०३ क्रमांकाच्या प्रस्तावाने विमाहप्ता ठरविताना चालकाची पूर्वनोंद, वर्षाकाठी कापलेले अंतर व चालविण्याच्या अनुभवाची वर्षे यांना अग्रक्रम दिला. यूरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी विमाहप्त्यांतील स्त्री-पुरुष भेद अवैध ठरविला व २१ डिसेंबर २०१२ पासून तो निर्णय अंमलात आला. वयानुसार भेद करण्यास मात्र त्यामुळे बाध आला नाही. भाडेसंस्थांची मोजपट्टी बहुशः वयाचीच राहिली. अठराव्या वर्षापासून सहा वर्षे निर्वेधपणे गाडी चालविलेल्या चोवीस वर्षांच्या चालकास अधिभार पडतो, तर गेल्याच महिन्यात परवाना मिळालेल्या तीस वर्षांच्या चालकास, किमान परवानाकालाची वेगळी अट नसल्यास, तो पडत नाही.

प्रचलित स्वरूप : अमेरिकेत बहुतेक मोठ्या संस्था एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यांना गाडी देतात आणि २१ ते २४ वयोगटाकडून दैनिक अधिभार घेतात. भाडे कमी असलेल्या दिवसांत हा आकार मूळ भाड्याच्या जवळपास जाऊ शकतो. महागड्या व मोठ्या गाड्या या गटास सहसा मिळत नाहीत. शासकीय कामासाठी प्रवास करणारे सैनिक व कर्मचारी यांना शासनाशी झालेल्या करारानुसार अठराव्या वर्षापासून गाडी मिळते. काही मोटार संघांच्या सभासदांना अधिभार माफ होतो. म्हणजे जोखीम तीच असली, तरी मोठ्या गिऱ्हाइकाच्या वतीने आलेल्या तरुणासाठी अट सैल होते. केंब्रिज (मॅसॅचूसेट्‌स) येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या झिपकार संस्थेने विद्यापीठांच्या आवारात अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही तासाच्या हिशेबाने गाड्या देऊन या रूढ मर्यादेस व्यवहारात पर्याय दिला.

भारत : १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार खाजगी मोटारगाडी चालविण्याचे किमान वय १८, तर परिवहन वाहनासाठी ते २० आहे. स्वतः चालविण्याच्या गाड्यांचा व्यवसाय १९८९ च्या भाडे-मोटार योजनेने नियमित झाला. या योजनेत परवानाधारक संस्थेकडे किमान ५० गाड्या असण्याची अट होती. दुचाकींसाठी १९९७ मध्ये वेगळी योजना आली व गोव्यासारख्या पर्यटनप्रधान प्रदेशात या व्यवसायाने मूळ धरले. परवान्याच्या वयाहून अधिक वयाची अट घालावयाची की नाही, हे येथे बहुधा त्या त्या संस्थेच्या करारावर अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे तरुण चालकास नकारापासून संरक्षण देणारी आणि अधिभारास प्रत्यक्ष खर्चाची मर्यादा घालणारी तरतूद या योजनांत नाही.