दूरचें युद्ध आणि आमची चूल

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत बाजारभावाचें काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी करील. परंतु चांद्याच्या अरण्यांतील कुटुंबांचा इतिहास लिहावयाचा, तर राजांच्या वंशावळीपेक्षां धान, कापड, रॉकेल व औषध यांची हकीकत आम्हांस अधिक उपयोगी वाटते. चांदा म्हणजे १९८२ पूर्वीचा जुना जिल्हा, ज्यांत गडचिरोलीही मोडत असे, असें समजावें.

सन १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांत युद्ध जुंपलें आणि उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं. इंग्लंडांतील गिरण्या तोंवर बहुतांशीं अमेरिकन कापसावर चालत; तो थांबतांच त्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड व वर्धेचें खोरें येथील काळ्या जमिनींत, जेथें ज्वारी पेरावयाची, तेथें कपाशी आली. नागपुरास आगगाडी पोंचली १८६७ सालीं, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनीं. तोंपर्यंत आमच्या बाजूचा माल दूरवर बैलगाड्यांनींच जात असे. शेतकऱ्याच्या हातांत रुपये खुळखुळले हें खरें. पण ज्याचें पोट हातमागावर, त्या कोष्ट्याच्या घरीं सूतही महाग आणि ज्वारीही महाग. १८६५ सालीं युद्ध मिटलें, कापसाचा भाव कोसळला, आणि चढ्या भावाच्या भरंवशावर ज्यांनीं कर्ज काढिलें होतें, त्यांचें कर्ज तेवढें शिल्लक राहिलें.

पहिल्या महायुद्धाविषयीं फार लिहीत नाहीं. चांदीच्या टंचाईमुळें १९१७ सालीं एक रुपयाची कागदी नोट निघाली. रुपया दगडावर वाजवून पारखणाऱ्या बायाबापड्यांनीं ती कशी पारखली असेल, ही आमची जुनी शंका आहे.

आमच्या अरण्याला खरा चटका बसला तो दुसऱ्या महायुद्धांत. ८ मार्च १९४२ हा दिवस प्रायश्चित्तकाळांतील तिसरा रविवार होता. त्या एकाच दिवशीं जपानी सैन्य रंगूनमध्यें शिरलें आणि जावा बेटावर डच सेनेनें शरणागति पत्करली. ब्रह्मदेशाहून हिंदुस्थानांत दरसाल लक्षावधि टन तांदूळ येई, आणि दिव्याचें रॉकेलही येई; दोन्हीं थांबलीं. वैनगंगेच्या कांठीं धान पिकतें, मग आम्हांस ब्रह्मी तांदुळाचें काय, असें म्हणून चालेना. कारण बाहेर तूट पडली कीं पिकत्या मुलखांतही भाव चढतो. विकावयास धान ज्याच्या घरीं उरे, त्याचें बरें झालें. पण भूमिहीन मजुरानें मजुरी रोख घ्यावी कीं धानांत, हा निवाडा त्याच्या संसाराचा निवाडा होऊन बसला. कापडाचा भाव तर १९४३ च्या मध्यापर्यंत युद्धापूर्वीच्या सुमारें पांचपट झाला. त्याच सालीं तांबें वांचविण्यासाठीं मध्यें मोठें भोंक असलेला पैसा निघाला. मुलांनीं तो दोऱ्यांत ओवून गळ्यांत घातला. वडिलांना त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नसावें.

याहून मोठी गोष्ट कोयनेलाची. जगांतील सुमारें ९० टक्के कोयनेल जावांतील सिंकोना झाडांच्या सालीपासून होत असे. निलगिरी व दार्जिलिंग येथें सरकारी लागवड होती, पण ती अपुरी. आणि जें होतें त्यावर आसाम-ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरील सैन्याचा पहिला हक्क. इकडे आमचा मुलूख हिंवतापाचा. पोस्टांतून स्वस्त मिळणारी कोयनेलाची पुडी दुर्मिळ झाली. धर्मग्रामांतील वृद्ध मंडळी आम्हांस सांगत कीं, पुडी एक आणि तापकरी दोन, असा प्रसंग घरोघर येई. ती पुडी बहुधा नांगर धरणाऱ्यास मिळे. लेंकरांस काडेचिराइताचा काढा. हा निवाडा ज्या माउलीस करावा लागे, तिला जावा कोणत्या दिशेस आहे हेंही ठाऊक नव्हतें. भाववाढीचा हिशेब आण्यांत मांडतां येतो. या निवाड्याचा हिशेब कोठल्या वहींत मांडावा, तें आम्हांस कळत नाहीं.

२०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली. आपल्या देशांत येणारें सूर्यफुलाचें तेल बहुतेक त्याच दोन देशांचें; तें अडलें, त्यासरशीं इतर तेलेंही चढलीं. त्यांत ज्या देशांत जावा मोडतें, त्या इंडोनेशियानें २८ एप्रिलपासून कांहीं आठवडे पामतेलाची निर्यात बंद ठेविली. खतांचेही तेंच, डी.ए.पी.च्या गोणीची किंमत १२०० वरून १३५० रुपये झाली, आणि तीही सरकारनें मोठें अनुदान दिलें म्हणून तेथें थांबली.

त्या पावसाळ्यांत अहेरीकडील एका घरीं आम्ही जेवावयास बसलों असतां भाजीला मोहाच्या बियांच्या तेलाचा वास आला. गृहिणी ओशाळून म्हणाली, “दुकानचं तेल परवडत नाहीं जी फादर, सासूबाईच्या वेळेचंच काढलं.” आम्ही ती भाजी पुन्हां मागून घेतली.