दाय, मिरास आणि वतन

वाडवडिलांमागें जें कांहीं आपल्याकडे येतें, त्याला आज आपण सरसकट 'वारसा' म्हणतों. पूर्वीं मात्र या एका गोष्टीसाठीं आपल्याकडे अनेक शब्द होते, आणि प्रत्येकाची छटा निराळी होती.

त्यांत सर्वांत जुना 'दाय'. 'दा' म्हणजे देणें, या धातूपासून तो झाला. तथापि चालुक्य नृपति सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं विज्ञानेश्वरानें 'मिताक्षरा' लिहिली, तींत पुत्राला कोणाच्या देण्याची वाट पाहावी लागत नाहीं. वडिलोपार्जित धनावर त्याचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालच्या जीमूतवाहनानें 'दायभागां'त याच्या उलट मत मांडलें : बापाच्या हयातींत पुत्राचा हक्क नाहीं. महाराष्ट्रानें मिताक्षरा मानली. एकाच धनाचे जन्मतः वांटेकरी झालेले भाऊबंद वांटणीला बसले म्हणजे काय होतें, हें 'भाऊबंदकी' या शब्दावरून दिसतेंच. नात्याचें नांव तंट्याचें नांव होऊन बसलें!

'मिरास' आणि 'वारस' हीं एकाच अरबी धातूचीं भावंडें. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो सारा भरीत असे तोंवर ती त्याच्याकडे राही. उपरी मात्र केवळ ठरावानें कसणारा.

'वतन' हा शब्दही अरबी. मूळ अर्थ जन्मभूमि. आपल्याकडे त्याचा अर्थ वंशपरंपरेची चाकरी आणि तिच्या मोबदल्यांतील हक्क असा झाला. पाटील-कुळकर्ण्यांना वतनामुळें मान मिळे. महार वतनदाराच्या वांट्याला मात्र जमीन थोडी आणि राबणूक अमर्याद येई. म्हणून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतनकायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें. कनिष्ठ ग्रामवतनें रद्द झालीं तीं १९५८ च्या कायद्यानें. कांहीं वारसे जपावयाचे नसून त्यांतून सुटावयाचें असतें, हें या एका शब्दाच्या इतिहासावरून कळतें.

आतां कन्येविषयीं. मिताक्षरेंतील जन्मसिद्ध हक्क तिला नव्हता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, त्यापूर्वीं विवाह झालेल्या कन्यांना वगळून, तो दिला. २००५ च्या दुरुस्तीनें विवाहित-अविवाहित हा भेद उरला नाहीं. तेव्हांपासून घरोघरीं एका शब्दाचा वावर वाढला आहे : 'हक्कसोडपत्र'. भाऊ तें बहिणीपुढें सहीसाठीं ठेवतो. सही करावी कीं न करावी, हा तिचा प्रश्न. परंतु सोडावयाला आधीं हक्क असावा लागतो, एवढें तरी त्या शब्दानें कबूल केलें आहे.